खूण जुळली, आता मोजा

कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) ठरल्या वेळी उघडणाऱ्या दांड्याची, झीज डोळ्यांच्या आधी नखाला कळते. तेल नीट पुसलेल्या लोबच्या, म्हणजे दांड्यावरच्या फुगीर उंचवट्याच्या, टोकावरून नख हळूच फिरवले, तर धड असलेल्या लोबवर ते कुठेही न अडता पुढे जाते. झिजलेल्या लोबवर मात्र त्याला एक बारीक कड लागते आणि त्या कडेपलीकडे धातू किंचित खाली गेलेला जाणवतो. माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसचे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडले, तेव्हा एक्झॉस्ट कॅमच्या (धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या) दोन लोबवर अशी कड लागली. गाडी तोवर चालत होती आणि ओढही बऱ्यापैकी होती; फक्त सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर वरच्या बाजूने येणारी टकटक इंजिन तापल्यानंतरही पूर्ण थांबत नव्हती. मायक्रोमीटर लावल्यावर त्या दोन लोबची उंची शेजारच्या लोबांपेक्षा स्पष्ट कमी भरली. मग दोन्ही कॅमशाफ्ट, त्यांच्याखालचे टॅपेट (लोबचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारे भाग), दोन्ही कॅमना जोडणारी साखळी, तिचा ताण राखणारा टेन्शनर, कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट आणि बेल्टच्या वाटेवरचे सगळे रोलर बदलायचे ठरले. त्या कामात टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह पिस्टनच्या हालचालीशी जुळवण्यासाठी चाकांवर मारलेल्या) आणि प्रत्यक्ष मोजमाप यांच्यातले अंतर मला जितके जवळून पाहता आले तितके आधी कधी आले नव्हते, म्हणून हे विस्ताराने लिहितो आहे.

गाडीबद्दल थोडे सांगायला हवे. शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळ आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली आणि काही वर्षांत तिची आरएस आवृत्ती भारतीय ग्राहकांपुढे आली. युरोपातल्या आरएसला १८० पीएस ताकदीचे इंजिन होते, आपल्याकडे त्याच कुटुंबातले १५० पीएसचे आले. क्षमता १७८१ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ८६.४ मिमी, हवा दाबून आत भरणारा टर्बोचार्जर, आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १७५० आरपीएमपासूनच, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपासूनच, हाताशी. त्या काळात आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य पेट्रोल गाड्या १०० पीएसच्या आतल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे महाराष्ट्रातल्या गाडीवेड्या माणसांनी ही गाडी इतकी मनापासून का सांभाळली ते कळते. आज त्यांपैकी अनेक गाड्यांना वीस वर्षे होत आली आहेत किंवा होऊन गेली आहेत आणि त्यांची इंजिने उघडण्याची वेळ आलेली आहे किंवा टळून गेलेली आहे.

या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह आहेत, तीन आत घेणारे आणि दोन बाहेर सोडणारे. म्हणजे इनटेक कॅमवर बारा लोब आणि एक्झॉस्ट कॅमवर आठ. पाच व्हॉल्व्हची ही कल्पना यामाहाने १९८५ च्या एफझेड ७५० या मोटरसायकलीत रस्त्यावर आणली, पुढे फेरारीच्या एफ ३५५ मध्ये ती आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आउडीने ती साध्या, रोजच्या गाडीच्या इंजिनात आणून दाखवली. नंतर ज्वलनकक्षातच थेट पेट्रोल फवारणारी इंजिने आली, इंजेक्टरला जागा हवी झाली आणि पाचवा व्हॉल्व्ह मागे पडला. मला मात्र टॅपेट कव्हर उघडल्यावर ओळीने दिसणारे ते वीस टॅपेट पाहून आजही त्या अभियंत्यांबद्दल आदर वाटतो, कारण इतक्या लहान जागेत इतके भाग बसवायचे आणि ते लाखो किलोमीटर चालतील असे बसवायचे, हे सोपे काम नव्हते.

टायमिंगची व्यवस्था इथे दोन टप्प्यांत आहे. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून निघणारा दातेरी रबरी बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅमला फिरवतो आणि जाताजाता वॉटर पंपालाही फिरवतो. एक्झॉस्ट कॅमच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी साखळी आहे आणि तिच्या ओढीने इनटेक कॅम फिरतो. साखळीच्या वरच्या आणि खालच्या बाजूंमध्ये तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर बसतो. या इंजिनाच्या नंतरच्या आवृत्त्यांत हा टेन्शनर साखळीचा ढिलेपणा एका बाजूकडून दुसरीकडे ढकलून इनटेक कॅमला एक्झॉस्ट कॅमच्या तुलनेत थोडा पुढेमागेही फिरवतो. या रचनेचा अर्थ असा, की बेल्ट लावताना झालेली चूक दोन्ही कॅमना भोवते आणि साखळी लावताना झालेली चूक फक्त इनटेक कॅमला भोवते. आणि दुसऱ्या प्रकारची चूक शोधणे अवघड जाते, कारण बाहेरून दिसणाऱ्या पुलीवरची खूण तेव्हाही अगदी बरोबर असते.

दातेरी बेल्टचा इतिहास फार जुना नाही. बव्हेरियातल्या ग्लास या कंपनीने १९६२ मध्ये १००४ या छोट्या गाडीत कॅम फिरवण्यासाठी तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला, आणि १९६६ च्या फियाट १२४ स्पोर्टसाठी आउरेलिओ लांप्रेदी यांनी दोन ओव्हरहेड कॅमच्या इंजिनाला तो लावला. त्याआधी साखळ्या होत्या किंवा गिअर होते. साखळी जड आणि गोंगाटी, गिअर महाग आणि त्याहून गोंगाटी. बेल्ट हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा. पण आवाज न करण्याचा हा गुण म्हातारपणी दोष ठरतो. साखळी सैल झाली की खळखळते आणि मालकाला गॅरेजात यायला लावते. बेल्ट मात्र दाताच्या मुळाशी चिरत जातो, आतले तंतू थकत जातात आणि तरीही बाहेर काहीच ऐकू येत नाही. मग एखाद्या दिवशी तो तुटतो किंवा त्याचे काही दात सोलले जातात. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, त्यामुळे बेल्ट गेला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅम असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावेच लागते.

इंजिनातले टायमिंग घड्याळाच्या सेकंदांत मोजत नाहीत, ते अंशांत मोजतात. चार स्ट्रोकच्या एका चक्रासाठी क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, म्हणजे ७२० अंश, आणि तेवढ्यात कॅमशाफ्टची एकच फेरी होते. सेकंद त्यावर नंतर बसतात, आणि ते बसले की अंगावर काटा येतो. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो. समजा एक इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या २०० अंशांपुरता उघडा राहतो, तर त्याला उघडून, हवा आत घेऊन, पुन्हा बंद व्हायला साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्या वेळात स्प्रिंगने व्हॉल्व्हला लोबच्या मागे मागे नेमके परत आणायचे असते, आणि तेही सेकंदाला ५० वेळा. लोबची उंची कमी झाली म्हणजे व्हॉल्व्ह कमी उघडतो, इतके तर कुणालाही समजेल. पण झिजलेल्या लोबचा उतारही बदललेला असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर बसण्याची गती बदलते, आणि सकाळची ती टकटक तिथून येत होती.

लोब का झिजला, याचे उत्तर खाली, ऑइल चेंबरमध्ये सापडले. टर्बोची उष्णता तेलाला भाजून काढते. तेल वेळेवर बदलले नाही तर त्याचा चिकट काळा गाळ होतो आणि तो पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर बसतो. जाळी अर्धी बुजली की तेलाचा दाब कमी होतो, आणि त्याचा त्रास सगळ्यांत आधी वरच्या भागांना होतो, कारण तेल तिथे सर्वांत शेवटी पोहोचते. कॅमचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, पण तो कठीण थर पातळच असतो. तो एकदा गेला की आतला मऊ धातू झपाट्याने उतरतो. म्हणून कॅम बदलायचे ठरवण्याआधीच चेंबर उतरवून जाळी साफ करून घेतली. हे कारण दूर केल्याशिवाय नवे कॅम बसवणे म्हणजे नव्या कॅमलाही त्याच वाटेने पाठवणे होय.

यानंतरचा प्रश्न माझ्या काही मित्रांना फार महत्त्वाचा वाटत होता. कॅम बदलायचेच आहेत, तर मग जास्त उघडणारे, जास्त वेळ उघडे राहणारे कॅम का लावू नयेत? परफॉर्मन्स गाडीच्या मालकाला हा मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तो मोह मलाही होता. परंतु कॅमचा आकार म्हणजे इंजिनाने कोणत्या आरपीएमला चांगला श्वास घ्यायचा याची निवड असते. उंच आरपीएमला आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर चढू लागला तरी ती आत येत राहते. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केला तर या वेगाचा फायदा मिळतो. हाच उशीर कमी आरपीएमला हवा उलट बाहेर ढकलतो. म्हणजे वर मिळवलेल्या ताकदीची किंमत खाली मोजावी लागते. होंडाने १९८९ च्या इंटेग्रात व्हीटेक आणले ते या अडचणीवर उत्तर म्हणून. त्या इंजिनात कमी आरपीएमसाठी एका आकाराचे आणि जास्त आरपीएमसाठी दुसऱ्या आकाराचे लोब एकाच कॅमवर आहेत, आणि तेलाच्या दाबाने सरकणारी पिन ठरावीक आरपीएमला व्हॉल्व्हना एका लोबवरून दुसऱ्याच्या ताब्यात देते. म्हणून १६०० सीसीच्या त्या साध्या श्वासाच्या इंजिनाने टर्बोशिवाय १६० पीएस दिले.

आमच्या इंजिनाची गोष्ट वेगळी होती, कारण इथे टर्बो आहे आणि तो लहान आहे. लहान टर्बो लवकर जागा होतो, शहरात त्याचे सुख फार मोठे आहे, पण जास्त आरपीएमला त्याच्या अरुंद टर्बाइनमुळे एक्झॉस्टच्या बाजूचा दाब इनटेकच्या बाजूच्या दाबापेक्षा वर जातो. लांब वेळ उघडे राहणाऱ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही अंशांपुरते एकाच वेळी उघडे असतात. साध्या श्वासाच्या इंजिनात या काळात बाहेर पडणारा धूर ताज्या हवेला आत ओढतो. आमच्या इंजिनात मात्र जास्त दाबाचा तापलेला धूर परत सिलिंडरमध्ये आणि तिथून इनटेककडे घुसेल. त्यामुळे टर्बो तोच ठेवून मोठे कॅम लावणे म्हणजे पैसे खर्च करून गाडीचा खालचा टॉर्क घालवणे ठरले असते. मोठा टर्बो, रुंद एक्झॉस्ट, त्याला साजेसे सॉफ्टवेअर आणि मजबूत कनेक्टिंग रॉड हे सगळे एकत्र करणाऱ्या माणसाने कॅम जरूर बदलावेत. मी मूळ आकाराचेच नवे कॅम घेतले, आणि परफॉर्मन्स गाडीवर मूळ आकाराचे कॅम लावण्यात काहीही कमीपणा नाही असे माझे ठाम मत आहे.

सुट्या भागांबाबत मात्र मी कोणतीही तडजोड केली नाही. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, आणि दरवाजाचे हँडल, दिव्याची काच, मागच्या सीटची पट्टी यांसाठी त्या बाजारांचे माझ्यावर उपकार आहेत. टायमिंगचा कोणताही भाग मात्र वापरलेला घेऊ नये. जुना कॅम आणि त्याखालचे टॅपेट एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. नव्या लोबखाली जुना टॅपेट दिला तर त्याची जुनी झीज नव्या लोबवर उमटते. म्हणून वीसच्या वीस टॅपेट नवे घेतले. बेल्ट बदलला आणि रोलर जुना ठेवला, तर बेल्ट शाबूत असताना रोलरचे बेअरिंग जाते आणि परिणाम तोच होतो. वॉटर पंप याच बेल्टवर असल्याने त्यालाही वेगळे ठेवता येत नाही. ‘नुसता बेल्ट टाका, बाकी चालतंय’ हे वाक्य आपल्याकडे इतके प्रचलित आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्याला लोक खर्चीक समजतात, परंतु बेल्ट, रोलर, बेल्टचा ताण राखणारा डॅम्पर, पंप आणि सील हे एकाच कामाचे भाग आहेत आणि त्यांचे वय एकच असले पाहिजे.

किलोमीटरच्या हिशोबाबद्दलही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बेल्ट अमुक हजार किलोमीटरला बदलावा हा नियम मोकळ्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने ८०,००० किलोमीटर धावलेल्या इंजिनाने साधारण १,३०० तास काम केलेले असते. पुण्याच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीने तेवढेच अंतर कापलेल्या इंजिनाने ४,००० तास. अंतर सारखे असले तरी बेल्टने तिप्पट वेळ उष्णतेत फेऱ्या मारलेल्या असतात. शिवाय रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. म्हणून आमच्या शहरातल्या गाड्यांसाठी मी वर्षे मोजतो आणि किलोमीटर नंतर पाहतो.

काम भोसरीतल्या एका लहान गॅरेजात झाले. तिथले मिस्त्री वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, प्रीमिअर पद्मिनीवर हात बसलेले. पद्मिनीचा कॅम ब्लॉकमध्ये खाली असतो, त्याची साखळी आखूड असते, आणि तिथे खूण जुळवली की काम बहुतेक झाले. तरी त्यांनी पहिल्या दिवशीच मला सांगितले, ‘दादा, खूण कंपनीने मारली ती नव्या इंजिनावर. वीस वर्षांत या इंजिनाचं काय काय झालं ते खुणेला कुठं ठाऊक आहे?’ ते मला फार पटले. खूण खोटी ठरण्याची कारणे अनेक आहेत. क्रँकच्या पुढच्या पुलीला कंप शोषण्यासाठी आतले कडे आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर असते. ते रबर सुटले तर बाहेरचे कडे, आणि त्यावरची खूण, जागेवरून सरकते. पुलीला दांड्यावर जागच्या जागी धरणारी चावी किंवा तिचा खाचा झिजला तरी हेच होते. साखळी ताणली गेली की ओढला जाणारा इनटेक कॅम मागे पडतो. आणि आपल्याकडे इंजिन एकदा तापले की हेड घासून घेण्याची पद्धत आहे. घासलेले हेड कॅमला क्रँकच्या जवळ आणते, आणि बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड झाल्याने कॅम मागे राहतो. एकदा ०.२ मिमी घासले तर हा फरक क्रँकच्या मापात अर्ध्या अंशाच्याही आत राहतो, त्याची चिंता करू नये. पण दोन-तीन मालकांनी दोन-तीनदा घासलेले हेड, ताणलेली साखळी आणि सरकलेली पुली हे तिन्ही एकत्र आले, तर सगळ्या खुणा शिस्तीत उभ्या असताना इंजिन चुकीच्या वेळी श्वास घेत असते.

म्हणून काहीही सोडण्याआधी आम्ही मोजले. पहिल्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगच्या भोकातून डायल गेज (बारीक सरक काट्यावर दाखवणारे मापक) पिस्टनवर टेकवला आणि क्रँकवर अंशांची तबकडी लावली. पिस्टनचे सर्वोच्च स्थान थेट शोधायला जाणे फसवे असते, कारण त्या टोकाजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. या इंजिनाचा स्ट्रोक ८६.४ मिमी आणि कनेक्टिंग रॉड १४४ मिमी धरला, तर टोकाच्या ५ अंश अलीकडे पिस्टन फक्त ०.२ मिमीने खाली असतो, आणि २ अंश अलीकडे तर ०.०३ मिमीच्या आसपास. काटा हललाच नाही असे वाटत असताना क्रँक मात्र चार अंश फिरून गेलेला असतो. यावर जुना आणि पक्का उपाय असा, की पिस्टन टोकाच्या आधी जिथे ठरावीक मापाने खाली आहे तिथला अंश वाचायचा, टोकानंतर तेवढ्याच मापाने खाली आल्यावर पुन्हा वाचायचा, आणि दोहोंचा मध्य काढायचा. तिथे पिस्टन वेगाने सरकत असल्यामुळे वाचन स्वच्छ मिळते. तो मध्य आला तेव्हा पुलीवरची खूण आणि खरे टोक यांच्यात थोडा फरक निघाला, आणि त्या क्षणापासून ती खूण आमच्यासाठी फक्त जवळपासची जागा दाखवणारी पाटी उरली.

त्यानंतर न झिजलेल्या एका इनटेक लोबवर गेज टेकवून, लोब १ मिमी उचलतो तेव्हा क्रँक किती अंशांवर असतो ते लिहून घेतले; एक्झॉस्ट कॅमच्या चांगल्या लोबचेही तसेच. गेज टॅपेटवर टेकवला नाही, कारण हायड्रॉलिक, म्हणजे आत तेल भरलेला, टॅपेट दाबाखाली हळूहळू बसतो आणि वाचन हलत राहते. जुन्या साखळीवरचा इनटेक कॅम एक्झॉस्टच्या तुलनेत दोन-तीन अंश मागे होता. नवी साखळी लावल्यावर तो किती सावरतो हे पाहण्याची उत्सुकता मला त्या मोजमापामुळे लागली, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण कामातला माझा सर्वांत आनंदाचा भाग तोच होता.

उतरवण्याचे काम झपाट्याने सांगता येईल. इंजिनाला खालून आधार देऊन उजव्या बाजूचे माउंटिंग सोडले, बेल्टवरची कव्हरे काढली, बेल्टचा डॅम्पर सावकाश दाबून त्याच्या भोकात पिन अडकवली. तो घाईने दाबला तर आतली सील जाते. साखळीचा टेन्शनरही तसाच दाबून बांधून ठेवला, मग कॅमच्या बेअरिंग कॅप एकाआड एक, थोड्या थोड्या ढिल्या केल्या, कारण काही लोबखाली स्प्रिंग दाबलेली असते आणि एका टोकाची कॅप आधी पूर्ण सोडली तर कॅम वाकडा उचलला जाऊन तुटू शकतो. प्रत्येक कॅपला क्रमांक आणि दिशा असते. ती बदलून चालत नाही.

जोडण्याचे काम मात्र सावकाशच सांगायला हवे. नव्या टॅपेटांना तेलात बुडवून त्यांची कॅमला टेकणारी बाजू खाली ठेवून मांडले होते. लोबांवर मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावले, कारण इंजिन सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत तेल वर पोहोचलेले नसते आणि नवा लोब तेव्हा कोरडा फिरता कामा नये. साखळी दोन्ही कॅमवर बाहेरच चढवली. या इंजिनाचा नियम असा, की दोन्ही कॅमवरच्या खाचांच्या मध्ये साखळीचे सोळा रोलर आले पाहिजेत. पंधरा आले किंवा सतरा आले तरी साखळी बसते, टेन्शनर बसतो, कॅप आवळल्या जातात आणि काहीही अडत नाही. म्हणूनच हे मोजणे दोघांनी करायचे, एकाने मोजलेले दुसऱ्याला न सांगता. मिस्त्रींनी मोजले, मी मोजले, गॅरेजातल्या पोराने मोजले. मग कॅम, साखळी आणि टेन्शनर एकत्रच हेडवर ठेवले, टेन्शनरखालच्या अर्धचंद्राकृती सीलच्या कोपऱ्यांना सीलंटचा बारीक ठिपका दिला, कारण या इंजिनांचे तेल बहुधा तिथूनच गळते, आणि कॅप १० न्यूटन-मीटरला आवळल्या. हे माप इतके कमी आहे की अनुभवी हातालाही ते अपुरे वाटते आणि हात आणखी थोडे आवळायला जातो. ॲल्युमिनिअममधले आटे तिथेच जातात.

बेल्ट चढवला, डॅम्परची पिन काढली, आणि मग इंजिन हाताने फिरवले. स्पार्क प्लग काढलेले असल्यामुळे त्याला अडवणारा दाब नव्हता. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या व्हायलाच हव्यात, कारण तेव्हाच कॅमची एक फेरी पूर्ण होते आणि प्रत्येक व्हॉल्व्हची प्रत्येक पिस्टनशी गाठ पडून जाते. पाना लांब दांड्याचा घेऊ नये. हाताला कठीण काही लागले, तर तो कदाचित पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असेल, आणि लांब दांडा ते कळू न देता व्हॉल्व्ह वाकवेल. आम्ही दोनच्या चार फेऱ्या केल्या. मग तबकडी आणि गेज पुन्हा लावले. इनटेक कॅम एक्झॉस्टशी बरोबर नात्यात आला होता, मागे राहिलेले अंश नव्या साखळीने भरून काढले होते, आणि बेल्ट योग्य दातावर होता. कॅमच्या चाकाला ४० ते ४८ दात असतील, तर एका दाताची चूक क्रँकच्या मापात १५ ते १८ अंशांची होते. इतकी चूक या इंजिनाच्या संगणकालाही कळते. क्रँक आणि कॅमच्या सेन्सरांचा मेळ बसत नाही असे दिसले की तो पी १३४० हा दोषसंकेत नोंदवतो. परंतु चार-पाच अंशांची चूक तो मुकाट्याने सोसतो, आणि मालक वर्षानुवर्षे ‘गाडीत पहिल्यासारखा दम नाही’ म्हणत राहतो.

नव्या हायड्रॉलिक टॅपेटांमुळे इंजिन लगेच सुरू करता येत नाही. त्यांच्यात तेल भरलेले असल्याने ते जास्त उंच उभे असतात आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाहीत. कॅम बसवल्यावर किमान अर्धा तास थांबले म्हणजे स्प्रिंगांच्या दाबाने ते आपल्या उंचीला बसतात. तो अर्धा तास संपल्यावर इंधनाचा फ्यूज काढून स्टार्टरने इंजिन फिरवले, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून चावी फिरवली. थोडा वेळ टॅपेटांचा आवाज आला, एकेक करून ते भरत गेले आणि आवाज ओसरला. शे-दोनशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात पाहिला. त्यात चकाकणारे कण नव्हते.

खालच्या टॉर्कमध्ये पडलेला फरक मला पहिल्याच दिवशी कात्रजच्या चढावर जाणवला, पण त्याचा पुरावा म्हणून मी माझ्या जाणिवेपेक्षा आमच्या कागदावरच्या आकड्यांकडे बोट दाखवीन. आधीचे आणि नंतरचे अंश, लोबांची मोजलेली उंची, साखळीचे रोलर, तारीख, भागांचे क्रमांक असे सगळे त्यावर आहे. आपल्याकडच्या या गाड्यांची अशी मोजमापे एकत्र केलेली मला कुठेही आढळली नाहीत. वीस वर्षांच्या हवेत, धुळीत, भेसळीच्या पेट्रोलवर आणि शहरी गर्दीत चाललेल्या इंजिनांचे कॅम किती झिजतात आणि साखळ्या किती ताणल्या जातात, हे दहा-पंधरा गाड्यांच्या आकड्यांवरून बरेच स्पष्ट होईल. तेव्हा नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर किंवा आणखी कुठे कुणी हे इंजिन उघडणार असेल, तर बेल्ट सोडण्याआधी प्लगच्या भोकात गेज लावून दोन्ही कॅमचे १ मिमी उचलण्याचे अंश जरूर लिहून घ्यावेत आणि मला कळवावेत. माझे आकडे मी तयार ठेवले आहेत.